कुत्र्याच्या गोचिडांवर थेंबाचे औषध



राहुरी-नेवाशाकडची बागायती वस्ती असो की पारनेर-संगमनेरच्या पठारावरचा मेंढरांचा वाडा, राखणीला कुत्रे असतेच. त्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरले, की पुष्कळ जण हाताशी असलेले फवारणीचे औषध नाहीतर रॉकेल चोपडतात. असे करू नका. राखणदार हकनाक दगावेल.

फिप्रोनिलचेच उदाहरण घ्या. पिकांसाठी ते ५ टक्के द्रावणात मिळते. कुत्र्याच्या थेंबाच्या औषधातही फिप्रोनिलच असते, सुमारे १० टक्के. मग शेतातले का चालू नये? नाव एक असले तरी त्यात मिसळलेले बाकीचे पदार्थ निराळे असतात, आणि मात्रा जनावराच्या वजनावर बेतलेली नसते. शिवाय कुत्रे अंग चाटते. विष पोटात जाते.

थेंबाचे औषध कातडीवरच्या तेलकटपणाबरोबर अंगभर पसरते. म्हणून ते लावण्याआधी व नंतर दोन-दोन दिवस कुत्र्याला आंघोळ घालू नये.

कसे लावावे?

१. वजनाप्रमाणे नळी घ्या. फिप्रोनिलची नळी १० किलोपर्यंत ०.६७ मि.ली., १० ते २० किलोला १.३४ मि.ली., २० ते ४० किलोला २.६८ मि.ली. अशी असते.

२. दोन्ही खांद्यांच्या मधे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला सारून औषध थेट कातडीवर सोडा. मग हात साबणाने धुवा.

३. वाळेपर्यंत पोरांना कुत्र्याला हात लावू देऊ नका. दोन दिवस शेततळ्यातही उतरू देऊ नका. हे औषध माशांना घातक आहे.

४. आठ आठवड्यांच्या आतल्या पिलाला आणि आजारी कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

५. परमेथ्रिन असलेले औषध मांजराला कधीही लावू नका. मांजर मरते.

एवढ्याने काम संपत नाही. गोचिडाची मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. तेव्हा भेगा लिंपून घ्या, कुत्र्याच्या बसायच्या जागेवरचे पोते उकळत्या पाण्यात टाका, आणि औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा लावा.

कुणी चुकून फवारणीचे औषध लावलेच, तर कुत्र्याला साबणाच्या पाण्याने धुवा आणि बाटली बरोबर घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ताप, खाणे सोडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे ही गोचिडापासून होणाऱ्या तापाची लक्षणे आहेत. ती दिसली तरी वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.