शेंगा न देणारा भुईमूग: फ्लोरिडातले शेतकरी तो का लावतात?

भुईमूग काढला की शेंगा माणसाला आणि पाला जनावरांना, ही वाटणी आपल्याकडे ठरलेली. पण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात असा एक भुईमूग आहे, ज्याला शेंगा जवळपास धरतच नाहीत. तरी शेतकरी तो मुद्दाम लावतात. आणि एकदा नीट बसला, की वीस वर्षं, कधी त्याहून जास्त काळ, ते शेत पुन्हा लावावं लागत नाही.

याचं शास्त्रीय नाव अराकिस ग्लॅब्राटा, म्हणजेच बहुवार्षिक भुईमूग. आपल्या नेहमीच्या भुईमुगाचा चुलतभाऊच. १९३६ मध्ये तो ब्राझीलमधून फ्लोरिडात आला.

याची गरज का पडली?

फ्लोरिडातला ओकाला भाग घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घोड्यांना भरपूर प्रथिनं असलेला वाळलेला चारा लागतो. त्यासाठी सगळ्यात नावाजलेला चारा म्हणजे लसूणघास. पण फ्लोरिडाची दमट हवा आणि आम्लधर्मी रेताड जमीन त्याला मानवत नाही. म्हणून तो लांबच्या राज्यांतून ट्रकने आणावा लागतो आणि त्याचं भाडं चाऱ्याच्या किमतीत चढतं. बहुवार्षिक भुईमूग याच रेताड जमिनीत येतो. त्याचा चारा पोषणात लसूणघासाच्या जवळ जातो. शिवाय कडधान्याच्या कुळातला असल्यामुळे हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवतो, म्हणजे युरियाचा खर्च नाही.

मग सगळेच का लावत नाहीत?

कारण बी मिळत नाही. आपल्याकडचं दशरथ किंवा स्टायलो बियांवर येतं. इथे मात्र हरळीसारखं जमिनीखाली पसरणारं खोड उपटून, त्याचे तुकडे लावावे लागतात. हिवाळ्यात वाढ थांबलेली असते, तेव्हा जानेवारी ते मार्चमध्ये ते चार-पाच सेंटिमीटर खोल पुरतात.

त्यानंतर वाट बघायची. शेत पूर्ण भरायला दोन, कधी तीन वर्षं लागतात. तोवर कापणी जवळपास नाही, पण तण काढण्याचा खर्च चालूच. सगळ्यात मोठी शत्रू कोण? तीच आपली हरळी! लागवडीआधी तिचा पुरता बंदोबस्त केला नाही, तर पैसे गेलेच समजा. ज्याच्याकडे तीन वर्षं थांबायची ऐपत आहे, त्याच्यासाठीच हे पीक आहे.

तुकड्यांवर वाढवण्याचा आणखी एक तोटा आहे. १९७८ मध्ये प्रसारित झालेला 'फ्लोरिग्रेझ' हा वाण एकाच रोपापासून वाढवत नेलेला आहे. त्यामुळे एका झाडाला जो रोग सहज लागतो, तो सगळ्यांनाच लागू शकतो. झालंही तसंच. पानं पिवळी पाडून वाढ खुंटवणारा विषाणू या वाणावर आला. पुढे फ्लोरिडा विद्यापीठाने 'यूएफ टिटो' आणि 'यूएफ पीस' हे वाण आणले.

चराईलाही हे पीक चालतं, मात्र गुरांनी पार जमिनीपर्यंत खाल्लं तर ते कमजोर होतं.

खरी कसोटी वाळवणीची. वर्षाला दोन-तीन कापण्या मिळतात, पण पीक जोमात असतं तेव्हाच फ्लोरिडात पावसाळा असतो. कापलेला चारा भिजला की बुरशी येते. बुरशीचा चारा घोड्यांना घालता येत नाही. त्यामुळे तिथला शेतकरी आधी हवामानाचा अंदाज बघतो, मगच कापणीचं यंत्र बाहेर काढतो.