झाकलेली बाटली आणि माणदेशी मुरूम

म्हसवडकडून पूर्वेला निघालं की माण तालुका संपून माळशिरस सुरू होतो. जमीन मात्र शिवेवर बदलत नाही. तोच मुरूम, तीच माळरानं, पावसाची तीच ओढ. या माळशिरस तालुक्यात गारवाड, मोटेवाडी आणि निमगावच्या शिवारात ‘फ्रातेल्ली’चे वाइन-द्राक्षांचे मळे आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून ही कंपनी उभी केली. वाइन घडवली टस्कनीच्या पिएरो मासी यांनी. याच मासींच्या जोडीने स्टीव्हन स्पुरियर यांनी इथल्या द्राक्षांपासून ‘एम/एस’ ही वाइन केली. महागड्या फ्रेंच बाटल्यांच्या मोठेपणाची सर्वांत गाजलेली परीक्षा ज्यांनी घेतली, ते हेच स्पुरियर.

ते मूळचे इंग्रज. पॅरिसमध्ये त्यांचं वाइनचं दुकान होतं. २४ मे १९७६ रोजी त्यांनी नऊ नामांकित फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या, कोणती कुठली हे न सांगता. लाल वाइनमध्ये बोर्दोच्या मुतों-रोथशिल्ड, ओ-ब्रियाँ यांना मागे टाकून स्टॅग्ज लीप पहिली आली. पांढऱ्यात शातो माँटेलेना. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. आमच्या वाइन मुरायला वेळ घेतात, असं फ्रेंचांचं म्हणणं पडलं. तीस वर्षांनी, २००६मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने घेतले.

बोर्दोची जी प्रतवारी आजही बाटलीवर मिरवते, ती १८५५ची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी ती केली, आणि आधार धरला तो बाजारातल्या वर्षानुवर्षांच्या दरांचा. जी महाग, ती वरच्या श्रेणीत. पुढे त्या श्रेणीमुळेच ती आणखी महाग. त्यानंतर पहिल्या श्रेणीत बढती मिळाली ती एकट्या मुतों-रोथशिल्डला, १९७३मध्ये. मधल्या काळात मळ्यांचे मालक बदलले, जमिनींची खरेदी-विक्री झाली, पण श्रेणी नावालाच चिकटून राहिली.

तरीही सगळी किंमत पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. तासगावच्या बागायतदाराला हे लगेच पटेल. खायच्या द्राक्षाला टपोरा मणी आणि भरघोस माल हवा. वाइनच्या द्राक्षाला बारीक मणी, जाड साल आणि मोजकेच घड. चांगला वाइनकार जाणूनबुजून घड उतरवतो, उत्पन्न कमी घेतो. त्याला काळीभोर जमीन नकोच असते. बोर्दोचा मेदोक भाग गोट्या-वाळूचा आहे आणि आपला मुरूम त्याच कामाचा. मग मुरवणं. नवं फ्रेंच ओकचं पिंप साधारण हजार युरोच्या घरात जातं. त्यात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या मावतात. दर बाटलीमागे तीन-चार युरो पडले! हाताने तोडणी, निवड, वर्षानुवर्षं तळघरात अडकलेलं भांडवल हे सगळं धरलं तरी शेकडो युरोंचा हिशेब लागत नाही.

उरलेली किंमत दुर्मीळपणाची. बरगंडीतला रोमाने-काँतीचा मळा जेमतेम साडेचार एकरांचा आहे. माणमध्ये एवढं रान सामान्य शेतकऱ्याकडे असतं. तिथल्या १९४५च्या जेमतेम सहाशे बाटल्यांपैकी एक २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरना गेली. हा व्यवहार संग्राहकांचा, जिभेचा नव्हे. रुडी कुर्नियावान याने घरी मिसळलेली वाइन जुन्या फ्रेंच नावांखाली विकली, मोठमोठे संग्राहक फसले. २०१३मध्ये तो दोषी ठरला. २००८मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक झाकलेल्या चाचण्यांच्या अभ्यासात सर्वसामान्य लोकांना महागडी वाइन किंचित कमीच आवडल्याचं दिसलं. प्रशिक्षित चाखणाऱ्यांचा कल तेवढा महागडीकडे होता. म्हणजे फरक असतो, पण तो ओळखायला सराव लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. अगदी स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फ्रेंच वाइनमधला फरक चवीचा आहे, त्यासाठी पैसे मोजावेत. मध्यम आणि गगनाला भिडलेल्या बाटलीतला फरक बहुतांशी नावाचा आहे. त्यात युरोपच्या वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातशुल्क होतं, तेव्हा आपण वाइनपेक्षा कराचेच पैसे अधिक मोजत आलो.

वाइन घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. चार मित्र जमवा, लोआर खोऱ्यातली एक वूव्रे आणि आपल्याकडची एक शेनें ब्लां घ्या. दोन्ही एकाच जातीच्या द्राक्षाच्या. दोन्ही सारख्याच गार करा, बाटल्या कापडात गुंडाळा आणि त्यांच्यावर फक्त आकडे घाला. लाल वाइनची तुलना करायची तर आपल्या उन्हाळ्यात तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नुसती दारूची धग लागते. आधी गुण लिहा, मग कापड काढा, आणि किंमत सगळ्यांत शेवटी विचारा.