सहरीला कोण उठवणार?

आमचे जुने घर औरंगपुऱ्यात. खाली दुकाने, वर दोन खोल्या आणि मध्ये अरुंद लाकडी जिना. पाच मिनिटांवर भाजीमंडई, तेवढ्याच अंतरावर पुस्तकांची दुकाने, शाळा आणि दवाखाना. घरातले मीठ संपले तर रात्री दहा वाजताही मिळायचे. अब्बा गेले आणि अम्मीच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही दिल्ली दरवाजाबाहेर, सलीम अली सरोवराच्या बाजूला राहायला आलो. "रस्ते रुंद आहेत, गोंगाट नाही, फिरायला मोकळी जागा आहे," मी अम्मीला सगळ्या सोयी मोजून दाखवल्या. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "रमजानात सहरीला कोण उठवणार?"

सहरी म्हणजे उजाडण्यापूर्वीचे जेवण. ते चुकले तर दिवसभराचा रोजा पाण्याच्या घोटाविना धरावा लागतो. जुन्या घरी आसपासच्या भांड्यांच्या आवाजानेच जाग यायची. इथे पहाटे चार वाजता कुत्रेही भुंकत नाही. पहिल्या रमजानात आम्ही तीन मोबाइलांवर गजर लावून झोपायचो. अम्मीचे मन मात्र औरंगपुऱ्यातच होते.

तिला इथे थोडे रमवले ते तळ्याने. पूर्वी याला खिजरी तलाव म्हणत. खिज्र म्हटले की वाटाड्या ख्वाजा खिज्र आठवतात, म्हणून अम्मीच्या तोंडी अजून तेच नाव आहे. आताचे नाव पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. सकाळच्या नमाजनंतर अम्मी आणि माझी मुलगी कुंपणाबाहेरून पक्षी बघतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दाखवून मुलगी म्हणाली, "दादी, याला मराठीत वारकरी म्हणतात." एका बदकाचे नाव हळदी-कुंकू आहे हे कळल्यावर तर अम्मी बराच वेळ हसत होती.

तळ्याकाठी राहतो खरे, पण नळाचे पाणी येते सुमारे ५० किलोमीटरवरून, पैठणच्या नाथसागरातून. तेही पाच-सहा दिवसांआड, कधी त्याहून उशिरा. या शहराला हे वेगळे सांगायला नको. गेल्या रमजानात एका संध्याकाळी नेमके इफ्तारच्या वेळी पाणी आले. दस्तरखान मांडलेला, खजूर हातात, अजानला दोन मिनिटे उरलेली. तेवढ्यात गल्लीत एकेक मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठणार तोच समोरच्या काकू फाटकातून आत आल्या. "सर, तुम्ही रोजा सोडा. तुमची मोटार मी बघते." आमची टाकी भरेपर्यंत त्या अंगणात उभ्या राहिल्या. त्यांची स्वतःची टाकी त्या दिवशी अर्धीच भरली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

ते कळल्यावर अम्मीने घरातला नळ हातात घेतला म्हणायला हरकत नाही. नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुतात, त्याला वुजू म्हणतात. पैगंबर साहेब एका 'मुद्द'मध्ये वुजू करत, असे हदीसमध्ये येते. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. मुलीने नळाखाली बादली ठेवून माझा वुजू मोजला, तर पाणी सहा लिटर भरले! महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाची घरात झालेली ती परीक्षा होती. आता बेसिनजवळ लोटा असतो. एका लोट्यात भागते आणि खाली साचलेले पाणी कढीपत्त्याला जाते. पाच वेळची नमाज आणि घरात चार माणसे, म्हणजे दिवसाकाठी शंभर लिटरच्या आसपास पाणी वाचते.

घरातले पाणी आम्ही मोजायला शिकलो, पण तळ्याचा हिशेब अजून कोणी मनावर घेतलेला नाही. त्यात सांडपाणी उतरते, जलपर्णी वाढते, कुंपणाशी प्लास्टिकच्या पिशव्या साचतात. त्या पिशव्यांत रमजानच्या संध्याकाळी फेकलेले सरबताचे पेले असतात, तसे इतर सणांचे निर्माल्यही असते. घराच्या जाहिरातीत 'तलावाचे दृश्य' म्हणून त्याची किंमत लावली जाते. तळे नासले तर ती किंमत आणि वारकरी दोन्ही जातील, आणि उरेल तो वास सगळ्यांच्या खिडक्यांतून सारखाच येईल. आमच्या गल्लीने यंदा एवढेच ठरवले आहे, की इफ्तारला कागदी-प्लास्टिकचे पेले आणायचे नाहीत. स्टीलचे पेले ज्याच्या घरी असतील त्याने द्यायचे. सर्वात जास्त काकूंकडचे आले.

यंदा नाथषष्ठी रमजानातच आली. काकू पैठणला गेल्या तेव्हा जाताना फाटकाची किल्ली अम्मीच्या हाती देऊन गेल्या. त्या रात्री पाणी आले. अम्मीने मला उठवले, काकूंची मोटार आधी लावायला सांगितली आणि टाकी वाहेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली.

आता अम्मीचा तो पहिला प्रश्न. काकूंचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो. त्याच्या डब्यासाठी त्यांच्या स्वयंपाकघरात साडेचारला दिवा लागतो. यंदा पहिल्याच रोजाला आमचे तिन्ही गजर वाजून बंद झाले आणि आम्ही झोपलेलेच. पावणेपाचला दारावरची घंटा वाजली. बाहेर काकू उभ्या, हाताला कणीक लागलेली. "तुमच्याकडे अंधार दिसला म्हणून आले," त्या म्हणाल्या आणि लगेच परत वळल्या. त्यांची पोळी तव्यावर होती.