काचेच्या पेटींतील प्रवाळ

मंगळसूत्रांत ओवलेलें पोवळें आपल्या घरोघरीं परिचयाचें आहे. परंतु तो इवल्याशा सागरी जीवांनीं रचलेला सांगाडा होय, हें थोड्यांच्याच ध्यानीं येतें. त्याच्याच गोत्रांतील प्रवाळें जाकार्ताच्या ली चिन एंग यांनीं काचेच्या पेटींत जिवंत राखलीं व १९६१ सालीं आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्राचें पाणी, जीवजंतूंसह आणलेले खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, एवढीच त्यांची सामग्री!

आज परदेशीं हा छंद पुष्कळ वाढला आहे. प्रवाळाच्या अंगांत सूक्ष्म शैवालें राहतात व प्रकाशाच्या बळावर त्यास अन्न पुरवितात. पाणी फार तापलें कीं हें सख्य तुटतें आणि प्रवाळ पांढरें पडतें. म्हणून उष्णता सुमारें २५ अंश राखावी लागते.

निळ्या दिव्याखालीं घेतलेलीं झगमगीत छायाचित्रें मन मोहून टाकतात. आम्हांस मात्र साध्या चित्राचें मोल अधिक वाटतें. दरमहा पाण्याचा प्रवाह थांबवून, खोलींतील दिवे मालवून, पेटीच्या पांढऱ्या प्रकाशांत, काचेसमोर सरळ उभें राहून तें घ्यावें. घरांतील मूल सुकलें तर तें घरच्यांआधीं पाहुण्यास दिसतें. प्रवाळाचा ऱ्हासही तसाच, दोन महिन्यांचीं चित्रें शेजारीं ठेवतांच उघड होतो.

आपल्याकडे खडक रचणारीं प्रवाळें २००१ पासून वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहेत. तीं समुद्रांतून काढून घरीं आणणें गुन्हा होय. तेव्हां मालवणच्या पाण्यांत त्यांचें दर्शन घ्यावें, घरीं छायाचित्र आणावें, आणि प्रवाळ समुद्राचें समुद्रासच राहूं द्यावें.