ट्रॅक्टर देशी की परदेशी?



ऊसबिल जमा झाले की गट ऑफिसात चौकशीला गर्दी होते. त्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो : "साहेब, ट्रॅक्टर घ्यायचाय. पण आपल्या देशाचाच घ्यावा म्हणतो. परदेशी कंपनीच्या घशात आपला पैसा कशाला?" विचारणाऱ्याची भावना चांगली आहे, हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण आपल्या देशाचा म्हणजे नेमका कोणता, हे बॉनेटवरचे नाव वाचून कळत नाही. म्हणून हा खुलासा.

जुन्या सभासदांना एच.एम.टी. आठवत असेल. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना. त्याहून अधिक देशी ते काय असणार? पण १९७१ पासून पिंजोरला तयार होणारा तो ट्रॅक्टर मूळचा चेकोस्लोव्हाकियातल्या झेटॉरचा. महिंद्राची ट्रॅक्टर कंपनी १९६३ साली निघाली तीही इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत, आणि बी-२७५ हा आराखडा त्यांचाच. आयशर तर नावानेच जर्मन. त्या काळात आपल्याकडे आराखडा नव्हता, तो बाहेरून आणला. त्यात कमीपणा मानायचे कारण नाही.

याला एक मोठा अपवाद म्हणजे स्वराज. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी तो आखला. पंजाब सरकारच्या पुढाकाराने १९७० साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी उभी राहिली आणि १९७४ साली मोहालीतून स्वराज ७२४ बाहेर पडला. पुढे १९८५ साली त्याच्या इंजिनांसाठी वेगळी कंपनी निघाली, तीत आपल्या पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स भागीदार होती. २००७ साली पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राकडे गेली. देशाभिमानाने घ्यावा असा ट्रॅक्टर कोणता, असे कोणी विचारलेच तर आम्ही हेच नाव आधी घेऊ.

आता गंमत पाहा. एस्कॉर्ट्स ही नंदा कुटुंबाची जुनी भारतीय कंपनी. २०२२ साली जपानच्या कुबोटाने तिच्यातला सर्वांत मोठा हिस्सा घेतला, आणि आता नावही एस्कॉर्ट्स कुबोटा. उलट मॅसी फर्ग्युसन हे नाव परदेशी. पण चेन्नईची टॅफे कंपनी ते ट्रॅक्टर १९६० च्या दशकापासून इथे बनवते, आणि २०२५ साली अमेरिकन ॲग्को कंपनीशी झालेल्या तडजोडीत भारतापुरते ते नावच टॅफेच्या मालकीचे झाले. म्हणजे देशी म्हणून घेतलेला ट्रॅक्टर दारात उभ्या उभ्या निम्मा जपानी झाला, आणि परदेशी म्हणून सोडलेला भारतीय! जॉन डिअर पूर्ण अमेरिकन कंपनी खरी, पण कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला. पंधरा ऑगस्टला बॉनेटला तिरंगा लावून जे ट्रॅक्टर गावातून फिरतात त्यांत तोही असतो. कुणाला खटकत नाही, खटकूही नये. आणि महिंद्रा १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकते. तिथल्या शेतकऱ्याने "परदेशी नको" म्हटले, तर नुकसान आपलेच.

मग देशी-परदेशी हा भेद अगदीच खोटा का? तसेही नाही. कामगारांचा पगार, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार, विक्रेता, सरकारचा कर हे सगळे ट्रॅक्टर इथे बनला की इथेच राहते. बाहेर जातो तो नफा. आणि आराखड्याची विद्याही तिकडेच राहते. ही विद्या आम्ही लहान मानत नाही. दोन ट्रॅक्टर सर्व बाबतींत सारखे उतरले, तर इथे आखलेला घ्यावा.

पण सारखे उतरतात का, हे आधी पाहिले पाहिजे. कारण कर्जाचा बोजा चढतो तो आपल्या सातबाऱ्यावर, देशाच्या नव्हे. गाळप हंगामात भरलेल्या दोन ट्रॉल्या फडात अडकून ट्रॅक्टर बंद पडला, की टोळी बसून राहते, तुटलेला ऊस वाळतो, वजन घटते, उताराही उतरतो. अशा वेळी मेकॅनिक किती तासांत बांधावर येतो आणि भाग तालुक्याला मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो, एवढेच उरते. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली केंद्र सरकारने घेतला. कारखानाच मिटला, तर भाग किती वर्षे मिळणार?

दुसरे माप आपल्या सरीचे. तीन-साडेतीन फुटी सरीत ऊस वाढल्यावर मोठा ट्रॅक्टर घालता येत नाही, मग भरणीला शेजाऱ्याचा छोटा ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागतो. साडेचार-पाच फूट सरी असेल तर चाकांमधले अंतर मोजूनच ट्रॅक्टर ठरवावा. पुढे तोडणी यंत्र आणायचे झाले तरी हीच रुंद सरी लागते. वाहतुकीसाठीच घेणार असाल तर अश्वशक्ती आणि ब्रेक पाहा. दोन ट्रॉल्या ओढणे आणि उतारावर त्या आवरणे, यांत फरक आहे.

कोटेशन आणल्यावर सही करण्यापूर्वी ते कागद आणि आपल्या सरीचे माप घेऊन गट ऑफिसला यावे. आपल्या गटात त्या ट्रॅक्टरवर दोन-तीन हंगाम वाहतूक केलेले सभासद कोण, ते शेतकी खात्याचे कर्मचारी सांगतील. विक्रेत्याच्या आधी त्यांच्याशी बोलावे.