हिरव्या पटावरचे पत्ते

१९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला, तेव्हा बहुतेकांना माउस धरणेही ठाऊक नव्हते. पान पकडा, ओढा, सोडा! खेळता खेळता हात वळला. वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या तरुणाने तो तयार केला. रॉयल्टीची दमडीही त्याला मिळाली नाही. पत्ते रेखाटले सुझन केअर यांनी. हिरवा पट, सात ओळी, वर एक-दोन मेनू. बस्स! डाव सुटला की पाने टणाटण उड्या मारत पडद्याबाहेर जात.

२०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि हा जुना खेळ गेला. त्याजागी आलेल्या नव्या अ‍ॅपमध्ये पाच खेळ, बोटाने दाबता येतील असे मोठे चौकोन, रोजची आव्हाने. पडदा देखणा झाला, यात वाद नाही. पण पूर्वी उघडताच पाने वाटलेली असत! आता आधी खेळ निवडा, मग मधूनच जाहिरात पाहा. नको असेल तर पैसे भरा. माउस ज्यावर शिकले, तोच पट हरवलेल्या आजी-आजोबांनी काय करावे?

२०१९ मध्ये अमेरिकेतील जागतिक व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममध्ये सॉलिटेअरची निवड झाली. मान मिळाला तो १९९० च्या त्या साध्या खेळाला.