पत्त्यात गावच नाही!

धामणगाव रेल्वेहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की वर्धा नदी ओलांडताच पुलगाव येतं. इथला लष्कराचा दारूगोळा डेपो देशातल्या सर्वांत मोठ्या डेपोंपैकी एक. आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्याच्या शेजारून अप-डाऊन करतात. तरी ‘आर्मी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बर्फ, बंदूक आणि बॅकग्राउंडला वाजणारं गाणं. रोजचा दिवस मात्र रीलमध्ये कधी दिसत नाही.

सीमेवरच्या चौकीचा दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला ‘स्टँड टू’ असतो, म्हणजे सगळे जण हत्यार घेऊन आपापल्या जागेवर. अंधुक उजेडात हल्ल्याची भीती जास्त, म्हणून ही जुनी शिस्त. मग हत्यारांची साफसफाई, पहारा, पाणी आणि रॉकेल वाहून आणणं, लंगरमध्ये भाजी चिरणं. मागच्या मुख्यालयात नकाशे, फोन आणि वायरलेस यांच्यासमोर पाळ्या लावून माणसं बसलेली. चौकीकडून ठरल्या वेळी ‘सब ठीक’ आलं पाहिजे, बस! कंटाळवाणं वाटतं ना? पण तो निरोप आला नाही, तर सगळ्यांची झोप उडते.

सियाचीन घ्या. १३ एप्रिल १९८४ ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं, तेव्हापासून तिथे आपले जवान आहेत. वरच्या चौकीवरची ड्युटी साधारण तीन महिन्यांची, आणि तेवढे दिवस अंघोळ विसरायची. १९ हजार फुटांवर पाणी ८० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजतच नाही. फिजिक्सचा धडा तिथे रोज पोटाशी येतो! तिथला मोठा शत्रू म्हणजे हवामान. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जण गाडले गेले. त्यात साताऱ्याचा एक जवान होता. त्याचं काम नर्सिंग असिस्टंटचं.

जोखीम फक्त सीमेवरच असते, असंही नाही. त्याच वर्षी ३१ मेच्या पहाटे पुलगावच्या डेपोत आग लागली. दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी गेले. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. तोफ चालवणाऱ्याइतकाच तिचा गोळा सांभाळणाराही लढाईत असतो, हे आपल्याला नदीपलीकडेच कळलं.

आणि घरचे? सीमेवरच्या जवानाचा पत्ता बघा : नंबर, हुद्दा, नाव, युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ. गाव नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. ठिकाण गुप्त राहावं म्हणून ही सोय. ५६ चं टपाल दिल्लीतून पुढे जातं, ९९ चं कोलकात्यातून. ही कामं करणाऱ्या सैनिकी टपाल सेवेचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे आणि त्यातले बरेच कर्मचारी साध्या पोस्ट खात्यातूनच गेलेले असतात. आज मोबाइल आहे, पण सगळीकडे रेंज नाही. पोरगा नेमका कुठे आहे, हे ठाऊक नसताना माय इकडे रोज देवाजवळ दिवा लावते.

सकाळी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांसाठी हे सगळं. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, बीम मारायचे, ते कराच. पण २०२२ पासून अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आहे आणि पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणून फॉर्म भरताना नीट बघा : जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लर्क-स्टोअरकीपर, ट्रेड्समन. लंगर, दवाखाना, भांडार, वायरलेस, गाडी, यातलं कोणतं काम चार वर्षांनंतरही तुमच्या हातात राहील? ग्राउंड मारायच्या आधी घरच्यांसोबत बसून एवढं बोलून घ्या. पत्त्यात गाव नसलं, तरी चिठ्ठीची वाट बघणारं घर इथेच असणार आहे.